दुसरं बोचकं

सालिमा,
२ ऑगस्ट १९८७

ती. आईस,
एलुबेचा सा. न. वि. वि.

तुझे बटाटे पोचले. मानासेनं ट्रक अगदी दारात आणून उभा केला, पोतं उतरवलं आणि तुमच्या देड्झाच्या थंडीच्या गोष्टी सांगत आमच्या ओट्यावर घाम पुसत बसला. पोत्याच्या तळाशी तू दडवलेली लोकरीची टोपडी सापडली. अगं आई, ऑक्टोबरात इथे तळ्याकाठी कोंबड्यासुद्धा चोच उघडून धापा टाकतात, आणि तू बाळाला लोकर घालायला निघालीस! तरी मी ती उशाशी घेऊनच झोपते. हे कोणाला सांगू नकोस.

परवा तपासणीला गेले होते. नर्सबाईंनी पोट चाचपून, नळी लावून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होईल म्हणाल्या. मग आम्हा सगळ्या पोटुश्यांना ओळीनं बसवून, येताना काय काय आणायचं ते दमात घेतल्यासारखं सांगितलं. खाटेवर अंथरायला काळ्या प्लॅस्टिकचा कागद, एक टब, नवं कोरं ब्लेड, दोरा, कापूस, साबण आणि चितेंजेची धुतलेली कापडं जमतील तितकी. बाळ गुंडाळायला तीच, आईला नेसायला तीच आणि पाठीशी बांधून घरी न्यायलाही तीच. जी ब्लेड विसरून येईल तिच्या बाळाची नाळ मी काही दातांनी तोडणार नाही, असंही ऐकवलं. एक पोरगी खरंच रडायला लागली.

हे मी घरी येऊन यांना सांगितलं, तिथे चुकलं. तुझे जावई कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे. रेडिओ उघडला की एकेक स्क्रू वेगळ्या झाकणात ठेवणारा माणूस! दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून येताना सगळं सामान घेऊनच आले. बोचकं बांधून दाराशी ठेवलंय. रोज संध्याकाळी ते सोडायचं, प्रत्येक वस्तू झटकायची, परत बांधायचं. गाठ सैल वाटली की पुन्हा सोडायचं. शेजारच्या नाबांडाबाई सगळ्या आळीला सांगत सुटल्यात की वायसनला दिवस गेलेत, बायको नुसती सोबतीला जाणार आहे.

सोबतीवरून आठवलं. इस्पितळात प्रत्येकीबरोबर घरची एक बाई लागतेच. रांधायला, पाणी आणायला, धुवायला तिथे दुसरं कोणी नसतं. तू सप्टेंबरच्या मध्याला ये. मी तुझी चटई आतापासूनच खिडकीखाली घालून ठेवलीय.

बाबांना नमस्कार. तुझी आठवण येते हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तुझीच,
एलुबे

देड्झा,
११ ऑगस्ट

चि. एलुबेस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि बोचक्याच्या जागी इतके हसले की रंधा हातातून पडला. जावई काळजी घेतात, त्यांची टिंगल करू नये. माझ्या वेळी तुझे बाबा बाजारात गेले ते साबणाऐवजी कोंबडा घेऊन आले होते.

मऊ झालेल्या जुन्या चितेंजेचे तुकडे फाडून, उकळून पाठवते आहे. लंगोटाला नव्या कापडापेक्षा हेच बरे. पोटावर झोपू नकोस, जड उचलू नकोस, मक्याच्या पेजेत दाण्याचं कूट घालून पी. उंबऱ्यात उभी राहून गप्पा मारत बसू नकोस, हे तर मी तुला पोटुशी नसतानाही सांगत होते.

आता यायचं म्हणशील तर शेळी विणार आहे. घराचं गवती छप्पर मागच्या बाजूनं बसलंय. शिवाय चर्चच्या बायकांच्या गाण्याचा गणवेश मलाच शिवायला सांगितलाय. तेव्हा बघू.

एक काम कर. प्लॅस्टिकचा कागद आणखी एक घे, आणि टबही एक. ब्लेड, कापूस वगैरेही तेवढंच. आमच्या इथल्या एका बाईला हवंय. इथे बाजारात घ्यायला ती लाजते, कारण दुकानदार मोठा चावट आहे, भर बाजारात ओरडून विचारेल. मानासेबरोबर पाठव. आणि तुमच्याकडे झाडांना कैऱ्या धरल्या असतील तर त्याही पाठव, कितीही लहान असोत. तुझ्या बाबांना हल्ली आंबट खावंसं वाटतं.

तब्येतीचं लगेच कळव. तू सुखरूप असल्याचं वाचलं की माझा घास खाली उतरतो.

तुझी,
आई

सालिमा,
२३ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या त्या लाजऱ्या बाईचं सगळं सामान मानासेकडे दिलंय. तो टब हातात घेऊन उगाच खोकत होता. मी विचारलं सर्दी झाली का, तर म्हणाला, नाही, असंच. कैऱ्या बोराएवढ्या आहेत, तरी पोरांकडून दगड मारून पाडून घेतल्या. बाबांच्या दातांना काय झालंय? हे म्हणतात की सासऱ्यांनी या वयात एवढं आंबट खाणं बरं नव्हे, पोट दाखवून घ्यायला सांग.

आता इथली बातमी ऐक. तुझ्या जावयांच्या मनात आलं की इस्पितळापर्यंत सायकलवरून मला कसं न्यायचं याची तालीम करायला हवी. मी मागे बसणार नाही म्हटलं. मग नाबांडाबाईंकडून मक्याचं भरलं पोतं मागून आणलं, त्याला माझं जुनं चितेंजे नेसवलं, कॅरिअरला बांधलं आणि निघाले. वाटेत पोत्याशी बोलत होते म्हणे! घाबरू नकोस, जवळ आलंच आता, असं धीर देत होते. शाळेपाशी उतार लागतो तिथे पोतं कलंडलं, सायकल कलंडली आणि हे भजी तळणाऱ्या बाईच्या पिठात बसले. पोतं फुटलं. भर रस्त्यात मका सांडला, आणि आळीतल्या कोंबड्यांनी तो साजरा केला. आता त्यांनी ठरवलंय की हातगाडी बरी.

आई, मी हसून लिहितेय खरं, पण तुझं पत्र दोनदा वाचलं. शेळीला सोबत हवी आणि मला नको? बाबा शेळीजवळ बसू शकतात. माझ्याजवळ आत त्यांना कोणी बसू देणार नाही. पहिलंच आहे गं माझं. मला काही येत नाही. तू नुसती शेजारी बसून रागावलीस तरी मला जमेल.

वाट बघतेय. पत्रात कारण न लिहिता तारीख लिही.

तुझीच,
एलुबे

देड्झा,
२ सप्टेंबर

चि. एलुबेस,

शेळी व्याली. दोन पिल्लं, एक काळं, एक ठिपक्यांचं. पण आता माझे गुडघे धरलेत आणि पाय सुजतात. ट्रकमधून घाट उतरणं मला झेपायचं नाही. डोरिका मावशीला विचारते. ती धडधाकट आहे, तिचा आवाज मोठा आहे, इस्पितळात तिचं सगळे ऐकतील. माझ्यापेक्षा तीच तुला बरी.

हट्ट करू नकोस. मोठी झालीस.

कैऱ्या चांगल्या होत्या. आणखी असल्या तर पाठव.

आई

सालिमा,
८ सप्टेंबर

ती. डोरिका मावशीस,
एलुबेचा सा. न. वि. वि.

मावशी, हे पत्र आईला दाखवू नकोस.

आईला काय झालंय? ती माझ्या बाळंतपणाला येत नाही म्हणते. माझी आई! नाक्यावरच्या परक्या बाईला कळा आल्या तरी चूल विझवून धावणारी. आधी शेळी, मग छप्पर, मग गणवेश, आता गुडघे. शेवटच्या पत्रात तर आशीर्वादसुद्धा लिहिला नाही. मी पाहिलं तर कागदावर एका जागी शाई फुटली होती.

इथे माझ्या मनात नाही नाही ते येतं. पाय सुजतात म्हणते. कापूस आणि प्लॅस्टिक कोणा बाईसाठी म्हणून मागवून घेतलं. तिला काही मोठं दुखणं तर नाही ना? का माझ्या नवऱ्याचं काही चुकलं? ईस्टरला आम्ही आलो तेव्हा त्यांनी तुमचा रेडिओ उघडला आणि एक स्क्रू उरला, त्यावरून ती रुसलीय का? हे बिचारे तो स्क्रू अजून खिशात घेऊन फिरतात.

तू मला खोटं सांगणार नाहीस. जे असेल ते लिही. मी पोटुशी आहे म्हणून गोड करून लिहू नकोस.

तुझी पोर,
एलुबे

देड्झा,
१४ सप्टेंबर

चि. एलुबेस,
मावशीचे तोंड भरून आशीर्वाद.

आधी खाली बस. भिंतीला टेकून बस. पाणी जवळ घे.

बसलीस? तर तुझ्या आईला दुखणंबिखणं काही नाही. तिला दिवस गेलेत. तुझ्यासारखेच. तू पुढून जशी दिसतेस तशीच ती दिसते, फक्त चेहऱ्यावर राग जास्त.

झालं असं की ईस्टरच्या आधीच तिचं बंद झालं. तिला वाटलं, वय झालं, संपलं एकदाचं. मलाही मोठ्या दिमाखात सांगितलंन की आता मी म्हातारी, मला खुर्ची देत जा. मग जूनमध्ये पोटात काहीतरी हललं. म्हणाली, जंत झाले असतील. मी हात लावून पाहिलं आणि इतकी हसले की मला उचकी लागली. अगं, हे जंत लाथ मारत होते!

तुझे बाबा छाती काढून फिरतायत. सगळ्या गावाला सांगून झालंय. मानासेला माहीत आहे, पाद्रीबाबांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तुला आणि तुझ्या नवऱ्याला. तिनं मानासेला शपथ घातलीय. तो बिचारा तुझ्या दारात येऊन खोकतो तो त्यामुळेच. कैऱ्या बाबा खात नाहीत, ती खाते, मीठ लावून, गणवेश शिवता शिवता. आणि गणवेश तिनं मुद्दाम एवढे घोळदार शिवलेत की आम्ही सगळ्याच गाताना तंबूसारख्या दिसतो.

तिची लाज काय ती मी सांगते. लेक पोटुशी असताना आईनं पोटुशी असणं तिला सहन होत नाही. आणि जावयासमोर? ज्याच्यासमोर ती डोकं झाकून, तोंड फिरवून बसते, त्याच्या दारात पोट पुढे काढून उतरायचं? तिला वाटतं त्यापेक्षा घाटातच उडी मारलेली बरी.

इथवर हसून घे. आता पुढचं नीट वाच. पाय सुजतात ते खरं आहे. तपासणीत तिचा रक्तदाब चढलेला निघाला. या वयात घरी बाळंत व्हायचं नाही, इस्पितळातच यायचं, असं नर्सनं बजावलंय. आणि ही म्हणते, तिथल्या पोरीसोरी आजीबाई आल्या म्हणून हसतील, मी आपली गावच्या सुईणीकडे जाईन. तुझ्या पाठची दोन अंगणात पुरली, ती दोन्ही घरीच झाली होती, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. मी भांडून दमले. माझं ती ऐकत नाही, धाकटी असून.

आता तुझं काय चालतं ते बघ. तिचं रहस्य फोडलं म्हणून ती मला झाडूनं मारेल, तेव्हा माया जरा जास्तच पाठव.

तुझी,
डोरिका मावशी

सालिमा,
१८ सप्टेंबर

ती. आईस,
तुझ्या थोरल्या लेकीचा सा. न. वि. वि.

हो, थोरल्याच. आजपासून तशीच सही करणार आहे.

मावशीवर चिडू नकोस, मी तिच्याकडून उकळून काढलं. पत्र वाचून मी इतकी हसले की नाबांडाबाईंना वाटलं कळा सुरू झाल्या. त्यांनी ओरडून यांना दुकानातून बोलावलं, हे हातगाडी घेऊन धावत आले, बोचकं गाडीत टाकलं आणि मला न घेताच निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं. मग मी रडले. मग परत हसले. हे विचारत होते की हे असंच असतं का.

अगं आई, मला लहानपणापासून बहीण हवी होती. तू मला दरवेळी कोकरू आणून द्यायचीस.

आता लाज वगैरे पुरे. तू घाट उतरू शकत नाहीस ना, मग मी चढते. तसंही पहिलटकरणीनं माहेरीच जायचं असतं. मीच उगाच इथे ऐटीत बसले होते. मानासे रिकामा ट्रक घेऊन गुरुवारी परत निघतोय. मी पुढे त्याच्या शेजारी बसेन, मागे माझं बोचकं. आपण दोघी मोठ्या इस्पितळात जायचं. मावशी दोघींची सोबतीण. ती एका हातानं तुला धरेल, दुसऱ्या हातानं मला, आणि तोंडानं सगळ्या इस्पितळाला.

आणि कोणी पोरगी आजीबाई म्हणून हसली तर मी तिच्याशी भांडेन. माझं पोट एवढं मोठं आहे की भांडणात मी हरणार नाही.

सुईणीकडे जायचं नाव काढायचं नाही. ती बाई वाईट नाही, पण तिच्याकडे रक्तदाब उतरवायचं औषध नाही. मला माझी आई हवीय. बहीण त्यानंतर.

ये म्हण. नाही म्हणालीस तरी मी येतेच आहे.

तुझी,
थोरली

सालिमा,
२० सप्टेंबर

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या सेवेसी,
वायसनचा दंडवत, वि. वि.

आपणांस प्रत्यक्ष पत्र लिहिण्याचं धाडस करतो आहे. यापूर्वी कधी केलेलं नाही. चुकल्यास क्षमा असावी. अक्षर सुधारण्यासाठी हे पत्र तिसऱ्यांदा लिहीत आहे.

पत्र केवळ सामानासंबंधी आहे. इतर कोणत्याही विषयासंबंधी नाही.

एलुबेबरोबर दोन बोचकी पाठवीत आहे. दोन का, हे मला कोणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. निळ्या गाठीचं एलुबेचं आहे. लाल गाठीच्या बोचक्यावर कोणाचंही नाव नाही. आपल्या गावातील ज्या बाईंना आधी काही वस्तू पाठवल्या होत्या, त्यांच्याजवळ एकेक वस्तू आहेच. परंतु प्लॅस्टिकला भोक पडू शकतं, टबाला चीर जाऊ शकते, म्हणून सगळं आणखी एकदा घेतलं आहे. चितेंजे नवी आहेत, पण मी ती स्वतः धुऊन, वाळवून मऊ केली आहेत. ही गोष्ट आळीत पसरली असल्यानं लपवण्यात अर्थ नाही.

त्या बाईंना कृपया कळवावं की इस्पितळात जाताना कोणी पाहील अशी चिंता करू नये. मी देड्झाला येईन तेव्हा पूर्वीप्रमाणेच मान खाली घालून येईन आणि मला कोणाचंही पोट दिसणार नाही. मला चष्मा लागला आहे, असंही सांगावं.

मला आई नाही, हे आपणांस ठाऊक आहे. माझ्या जन्मावेळीच ती गेली. तिला घेऊन जायला तेव्हा सायकलसुद्धा मिळाली नव्हती. म्हणून मी गाठी पुन्हा पुन्हा बांधतो. लोक हसतात, त्यांना हसू द्यावं.

त्या बाईंनी इस्पितळातच जावं, एवढंच मागतो. आपल्या घरावर माझा जीव आहे, तो तसाच राहो.

आपला आज्ञाधारक,
वायसन

देड्झा,
२३ सप्टेंबर

चि. एलुबेस,
आईचे आशीर्वाद. मागच्या खेपेला लिहायचे राहिले तेही यातच धर.

मानासे म्हणाला की गुरुवारचा फेरा चुकणार, ट्रकचं चाक निखळलंय. तेव्हा तू निघायच्या आत हे पोचेल म्हणून त्याच्या भावाकडे देते.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. तुझ्या बाबांनी वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर त्यांना वाचवेना. मग मीच वाचलं. असल्या जावयासमोर तोंड फिरवून बसायचं म्हणजे आता मला वाकडी मान घेऊन फिरावं लागणार.

जाईन मी इस्पितळात. भीती वाटते म्हणून जात नव्हते. लाज होतीच, पण तिच्या आड भीती होती. तिसऱ्यांदा रिकामे हात घेऊन घरी येणं मला जमणार नाही असं वाटायचं, आणि कापूस, ब्लेड असं सगळं मांडून ठेवलं की वाटायचं, आपण फार मागतोय. तू म्हणतेस तर मागून बघते.

डोरिकाला मी झाडूनं मारलं नाही. खराटा मिळाला नाही म्हणून.

सावकाश ये. खड्डा दिसला की मानासेच्या पाठीत बुक्की घाल. तुझ्या खोलीत बाबांनी नवीन खाट केलीय. तिचे पाय कमी-जास्त आहेत, पण काही बोलू नकोस. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेय.

तुझी,
आई

देड्झा,
जिल्हा इस्पितळ,
१३ ऑक्टोबर

प्रिय वायसन यांस,
एलुबेचा मनापासून नमस्कार, वि. वि.

मानासेकडून तोंडी निरोप मिळालाच असेल. आम्ही चौघंही सुखरूप आहोत, हे आधी लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं श्वास घेत वाचाल.

बुधवारी सकाळी आई माझं बोचकं उघडायला बसली होती. तुमची गाठ तिला सुटेना आणि ती पुटपुटत होती की हा माणूस रेडिओ बांधतो की काय. इतक्यात तिनं कपाळ धरलं. मावशीनं विचारलं, काय होतंय? काही नाही म्हणाली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली की तुझा चेहरा बरा दिसत नाही, तुला कळा सुरू झाल्यात, चल इस्पितळात. मला काहीच होत नव्हतं! पण तिनं एवढ्या ठामपणे सांगितलं की मलाही वाटायला लागलं, होत असेल. बाबा मानासेला बोलवायला धावले. ट्रकमध्ये पुढे दोन पोटं आणि मानासे काही मावेनात. शेवटी मानासे अर्धा दाराबाहेर राहून गाडी हाकत होता, आणि मावशी मागे बटाट्यांच्या पोत्यांवर बसून लोकांना बाजूला व्हायला ओरडत होती.

इस्पितळात नर्सनं विचारलं, पेशंट कोण? आई म्हणाली, ही माझी लेक, मी सोबतीला आलेय. हे म्हणता म्हणता तिनं टेबल असं धरलं की त्यावरची दौत सांडली. नर्सनं मला बाकावर बसवलं आणि तिला आत नेलं. कळा तिच्याच होत्या. पहाटेपासून. पण एकटीनं आत जायला लागू नये, म्हणून मला पुढे करून आली.

त्यानंतर मात्र हसण्यासारखं नव्हतं. रक्तदाब फार चढला होता. आतून सारख्या बाया ये-जा करत होत्या, डॉक्टरही धावत आले. नर्स बाहेर येऊन म्हणाली की सामान द्या. लाल गाठीचं मी दिलं. ब्लेड, दोरा, कापूस, सगळं जिथल्या तिथे होतं. मला एवढंच आठवतं की ती गाठ माझ्या हातात एका झटक्यात सुटली. मग आम्ही व्हरांड्यात बसलो. मावशी मोठ्यानं प्रार्थना करत होती आणि मधूनच देवाला रागावत होती की मागचं तुला माफ केलंय, पण आता केलंस तर याद राख. बाबा फाटकापाशी झाडाखाली उभे होते. टोपी हातात घेऊन ती नुसती गोल गोल फिरवत होते. मी त्यांना एवढं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुपार कलली आणि आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण असं खणखणीत की मावशीनं देवाची तिथल्या तिथे माफी मागितली. मुलगी आहे. मुठीएवढी, रागीट, थेट आईचं नाक. आईला औषधानं गुंगी आली होती, दिवस मावळेपर्यंत डोळे उघडेनात. मी तिच्या खाटेजवळ बसून पाय चोळत होते. उघडले तेव्हा तिनं विचारलं, श्वास घेते का ती? मी म्हटलं, श्वास घेते, ओरडते, आणि तिनं आत्ताच नर्सच्या अंगावर धार सोडलीय. तेव्हा आई हसली. रक्तदाब आता रोज थोडा थोडा उतरतो आहे.

दोन दिवस मी सोबतीण होते. एवढं पोट घेऊन पेज शिजवत होते, कपडे धुवत होते, आणि येणारी जाणारी प्रत्येकजण विचारत होती की बाई, तुझं काय चाललंय? शुक्रवारी नळावर बादली भरता भरता मलाच वाकवेना. मावशीनं मला तशीच आत नेली. आई खाटेवरून उठू शकत नव्हती, तर तिनं भिंतीपलीकडून मला रागवायला सुरुवात केली. आत्ता नको, थांब. आत्ता जोर लाव. अशी रडतेस काय, मी तुझ्या वेळी रडले नव्हते. मावशी पलीकडे ओरडून सांगत होती की खोटं बोलतेस, सगळं गाव जागं केलं होतंस. नर्स म्हणाली, असली बाळंतपणं मी आजवर पाहिली नाहीत. मला किती वेळ लागला कोण जाणे, पण मी घाबरले नाही. रागवायला आई होती ना.

मुलगा आहे तुमचा. तुमच्यासारखाच, सगळं हातात धरून, नीट बघून, मग तोंडात घालतो. त्याची मावशी त्याच्याहून दोन दिवसांनी मोठी आहे आणि आत्तापासूनच त्याच्यावर ओरडते.

तुम्ही शनिवारी याल तेव्हा चष्म्याचं सोंग करायची गरज नाही. आईनं सांगितलंय की वायसनला सरळ आत येऊ द्या, मी तोंड फिरवणार नाही. मावशीनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. तेव्हा मान वर करून या. बाबा फाटकापाशी तुमची वाट बघतील. त्यांना कोणाला तरी मिठी मारायचीय आणि मानासे आता कंटाळलाय.

पहिले तीन दिवस मला दूध आलंच नाही. बाळ रडून रडून जांभळं झालं. मी घाबरून आईकडे पाहिलं, तर तिनं हात पुढे केले, त्याला घेतलं आणि दुसऱ्या बाजूला लावलं. एकीकडे लेक, एकीकडे नातू. आज सकाळी मलाही उतरलं, आणि असं की नेसूचं चितेंजे भिजलं.

लिहिता लिहिता थांबावं लागलं. आईला तपासायला नेलंय, आणि माझी बहीण उठून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतेय. तिला मांडीवर घेतलंय. आधी तिनं माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं, नाक लावून हुंगलं आणि मग पकडलं. पितेय. उरलेल्या ओळी एका हातानं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, समजून घ्या.

लोभ होताच, आता त्यात वाटेकरी आलेत, तेव्हा येताना वाढवून आणा.

तुमची,
एलुबे